भाचीला बीएस्सी नर्सिंगला घालायचंय, चार वर्षं नक्की काय शिकवतात आणि कॉलेज कसं निवडायचं?

गिरणाकाठचा
नमस्कार मंडळी. भाची यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी, ६१ टक्के. नर्सिंगची सीईटी दिली होती त्यात मार्क बरे पडलेत, कॅप राउंडला म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला काहीतरी मिळेल असं दिसतंय. दहावीपर्यंत गावातलीच मराठी शाळा, अकरावी बारावीला पुस्तकं इंग्रजी होती पण सर शिकवायचे मराठीतच. बहीण अंगणवाडी सेविका, दाजी शेती करतात, चाळीसगाव तालुका.
घरात दोन गट पडलेत. आजी म्हणते शिकल्यासवरल्या पोरीला लोकांचं हगणंमुतणं काढायला पाठवता का. दाजींचे भाऊ म्हणतात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला घाला, तीन वर्षांत मोकळी होईल. पोरगी मात्र ठाम आहे की करीन तर बीएस्सीच. दोन वर्षांपूर्वी तिचे आजोबा दवाखान्यात होते तेव्हा ही रात्री त्यांच्याजवळ थांबायची, तिथल्या एका सिस्टरने पहाटे तीनला सलाईन बघता बघता हिला नाडी मोजायला शिकवली, तेव्हापासून हेच डोक्यात बसलंय.
मला विचारायचंय ते असं, चार वर्षं काय काय विषय असतात, इंग्रजीचं तिला झेपेल का, आणि कॉलेज निवडताना काय बघायचं, कारण माहितीपत्रकं सगळ्यांची सारखीच गोड असतात.

सहावं_सेम
मामा नमस्कार, मी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालच्या एका कॉलेजला आहे, आत्ताच सहावं सेमिस्टर संपलं. आमच्या आधीच्या ताईंना वार्षिक परीक्षा होत्या, २०२१ च्या नवीन अभ्यासक्रमापासून आठ सेमिस्टर झालेत. पहिल्या सेमला ऍनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन, फाउंडेशनचा दुसरा भाग, कॉम्प्युटर. मग मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी, पॅथॉलॉजी आणि त्याच्या जोडीला ऍडल्ट हेल्थ म्हणजे मेडिसिन सर्जरीचं नर्सिंग, हे दुसरं वर्ष सगळ्यात जड जातं. तिसऱ्या वर्षी लहान मुलं, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, फॉरेन्सिक नर्सिंगची ओळख, मॅनेजमेंट, आणि बाळंतपणाचं सुरू होतं ते सातव्या सेमपर्यंत. सातव्यालाच रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. आठवं सेम म्हणजे २२ आठवडे इंटर्नशिप, पूर्ण वॉर्डातच.
आजींना सांगा की हो, बेडपॅन द्यायचं पण शिकवतात, आणि ते कसं द्यायचं याच्यासुद्धा प्रॅक्टिकलला मार्क असतात. कमरेचं हाड मोडलेल्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवायचं, पडदा ओढायचा, त्याला लाज वाटू द्यायची नाही, आणि ते करता करता पाठीवर, माकडहाडावर कुठे लाल झालंय का ते बघायचं कारण बेडसोर तिथूनच सुरू होतो. माझ्या पहिल्या पेशंटचा मी स्पंज करत होते तेव्हा टाचेला लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी पांढरा पडेना, मॅडमना बोलावलं तर त्या म्हणाल्या हाच बेडसोरचा पहिला टप्पा, पुस्तकात वाचला होतास ना.
पहिले दोन महिने मी रोज रडले हे पण खरं सांगते. ऍनाटॉमीचं पुस्तक उघडलं की एका ओळीत पाच शब्द अडायचे. पण तीच तीच नावं रोज कानावर पडली की बसतात डोक्यात. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे पन्नास टक्के लागतात, त्यामुळे एकीकडे बुडी मारून दुसरीकडे भरून काढता येत नाही.

परिसेविका_निवृत्त
इंग्रजीबद्दल मी लिहिते. ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, चार्ट इंग्रजीत भरायचा आहे, त्यातून सुटका नाही आणि ती शोधूही नये, कारण औषधाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर पेशंट जातो. पण पेशंट काही इंग्रजीत आजारी पडत नाही. तो येऊन सांगतो धाप लागते, घेरी येते, पोटात मुरडा मारतो, हातापायाला मुंग्या येतात. बाईमाणूस असेल तर आवाज खाली करून म्हणते अंगावरून जातंय. आता यात तिला पांढरं जातंय की लाल, आणि लाल असेल तर पाळीचं की मधलंच, किती घड्या बदलाव्या लागतात, हे ज्या मुलीला त्याच भाषेत विचारता येतं ती अर्धी लढाई तिथेच जिंकते.
एकदा माझ्या वॉर्डात एक शेतकरी आला, छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाला, फक्त घाबरं होतंय म्हणाला. नवीन डॉक्टरांना वाटलं की माणूस दवाखान्याला घाबरलाय. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बेडजवळ उभी होती, जामनेरकडची, ती माझ्याकडे पळत आली की सिस्टर, आमच्याकडे घाबरं होतंय म्हणजे भीती नाही, आत काहीतरी धडधडतंय, आणि त्यांच्या कपाळावर घाम आहे. ईसीजी काढला, हार्ट ॲटॅक होता. त्या मुलीचं इंग्रजी कच्चं होतं, पेपरला काठावर पास व्हायची.
भाचीला एक वही करायला सांगा. डाव्या बाजूला पेशंटचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. धाप, डिस्प्निया. मळमळ, नॉशिया. आमांश, डिसेंट्री. रोज पाच लिहिले तरी वर्षाच्या शेवटी इंग्रजीची भीती राहत नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना मी ही वही करायला लावायचे.

गिरणाकाठचा
ताई, हे वाचून बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं. वही आजच आणतो.

एका_मुलीचा_बाप
मामा, मी जरा वेगळं लिहितो, माझ्या अनुभवातून. माझ्या मुलीला मी असंच हौसेने घातलं, कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. बघायला गेलो तेव्हा काचेची इमारत, एसी लॅब, रांगेत मॅनिकिन म्हणजे ते रबरी पेशंट, स्वतःचं हॉस्पिटल आहे म्हणून सांगितलं. आम्ही दुपारी गेलो होतो, चहा पाजला, फोटो काढले, पैसे भरून आलो.
नंतर कळलं हॉस्पिटलच्या बाहेर मोठा बोर्ड आणि आत पंधरा पेशंट. मग पोस्टिंगसाठी मुलींना ६० किलोमीटर लांबच्या दवाखान्यात न्यायचे, पहाटे साडेपाचला बस, एका वॉर्डात चाळीस मुली, भिंतीला टेकून उभ्या. सोबत शिकवणारं कोणी नाही, बसमधून सोडणारे सर बाहेर गाडीजवळ. लॉगबुकमध्ये इतकी इंजेक्शनं दिली, इतके कॅथेटर म्हणजे लघवीच्या नळ्या टाकल्या, इतकी बाळंतपणं केली असं लिहायचं असतं, ते सीनियरच्या वहीतून उतरवायचं. माझी मुलगी प्रामाणिक, तिला हे बोचायचं, पण न लिहावं तर परीक्षेला बसू देणार नाहीत अशी भीती.
पास झाली, नोकरी लागली, आणि पहिल्याच नाईटला इनचार्ज सिस्टरने सांगितलं सहा नंबरला फोलीज कॅथेटर टाक. तिने आयुष्यात दोनदाच टाकला होता आणि दोन्ही वेळा मॅनिकिनला. तिने खरं सांगितलं की मला येत नाही. त्या सिस्टर भल्या होत्या, सोबत उभं राहून शिकवलं. आज ती उत्तम काम करते, पण चार वर्षांच्या फीमध्ये जे मिळायला हवं होतं ते तिला एका परक्या बाईने रात्री दोन वाजता फुकट दिलं. माझा राग अजून गेलेला नाही.

गिरणाकाठचा
बाप रे. मग हे आधी कसं ओळखायचं हो? आम्ही पण दुपारीच जाणार होतो.

क्लिनिकल_ट्यूटर
ओळखता येतं. मी अकरा वर्षं विद्यार्थी घेऊन वॉर्डात उभी राहते, त्यामुळे सांगू शकते.
कागद आधी बघून घ्या. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेज आहे का, आरोग्य विद्यापीठाची संलग्नता या वर्षाची आहे का, प्रवेशक्षमता किती. हे घरबसल्या वेबसाइटवर दिसतं. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते, तो आकडा आणि कॉलेज मागतंय तो आकडा जुळतो का बघा. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं निदान १०० खाटांचं रुग्णालय हवं असा नियम आहे, पण नियम खाटांचा आहे आणि आपल्याला हवेत पेशंट.
म्हणून सकाळी आठला जा. कॉलेजात नाही, वॉर्डात. भेटीच्या वेळेत कोणालाही जाता येतं तशा एखाद्या मेडिसिनच्या किंवा बाळंतिणींच्या वॉर्डापाशी थांबा. युनिफॉर्ममधल्या मुली काय करतायत ते बघा. टोळक्याने उभ्या आहेत की एकेका बेडला एकेक लागलीय. त्यांच्यासोबत ट्यूटर आहे का, आणि ती ट्यूटर खुर्चीत बसून रजिस्टर भरतेय की बेडजवळ आहे. एखाद्या दुसऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, बाळा, काल तुझा पेशंट कोण होता. जिला खरंच पेशंट दिलेला असतो ती नाव न सांगता सुद्धा पटकन सांगते, पोटाचं ऑपरेशन झालेले काका, आज त्यांची नळी काढली. जिला दिलेला नसतो ती गप्प बसते.
तेवढं कळलं तरी पुरे. इमारत, लॅब, बस, हॉस्टेलचं जेवण हे सगळं नंतर. नर्सिंग हे हातातून हातात जातं, पेशंटच्या उशाशी दोघीजणी उभ्या असल्याशिवाय ते जातच नाही. प्राध्यापिका एमएस्सी असो की पीएचडी, ती जर वॉर्डात येत नसेल तर त्या पदवीचा तुमच्या भाचीला काही उपयोग नाही.
आणि एक, मुलींसाठी शासनाची फी माफी आहे, २०२४ पासून, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी माफ, पण प्रवेश कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला ऐनवेळी गर्दी असते.

यवतमाळचा_ब्रदर
जीएनएमबद्दल दोन शब्द लिहितो कारण इथे सगळे बीएस्सीवालेच दिसतायत. मी जीएनएम केलं, आर्ट्सचा होतो, बीएस्सीला सायन्स लागतं आणि जीएनएमला कुठल्याही शाखेचा चालतो म्हणून. कामात जीएनएमवाला कुठेही कमी नाही, माझ्या वॉर्डात येऊन बघा. पण पुढे शिकायचं म्हटलं की मला दोन वर्षं पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमावाल्यांची बीएस्सी, करावं लागलं, म्हणजे तीन आणि दोन पाच वर्षं झाली जी हिची चारात होतील. एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाले थेट बसतात, जीएनएमवाल्याला पन्नास खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तिच्याकडे पीसीबी आहे, सीईटीचे मार्क आहेत, मनात पण आहे, मग जीएनएमला कशाला घालता. काकांना हे असं हिशोब करून सांगा, पटेल त्यांना.
मुलं पण येतात हो या कोर्सला, वाढतायत. सुरुवातीला बायका पेशंट लाजतात, आपण पण लाजतो. लेबर रूमच्या पोस्टिंगला आम्हाला बाहेर ठेवायचे, ते चुकीचं होतं असं मला आजही वाटतं, कारण परीक्षेत तोच विषय आम्हालाही होता.

सहावं_सेम
ट्यूटर मॅडम, तुमचं वाचून मला आमच्या सायकियाट्रीच्या मॅडम आठवल्या. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, आमची पोस्टिंग त्यातल्या एका ठिकाणी होती. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून लिहावं लागतं, पेशंट काय बोलला, आपण काय बोललो, शब्दाला शब्द, आणि बाजूला आपण असं का बोललो ते. मला दिलेल्या आजी रोज एकच विचारायच्या, एसटी किती वाजता आहे. पहिल्या दिवशी मी म्हणाले आजी इथे एसटी येत नाही. त्या गप्प झाल्या त्या झाल्याच, दिवसभर बोलल्या नाहीत. मॅडमनी वही वाचली, माझ्या त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, हे उत्तर तू कोणासाठी दिलंस. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी परत विचारलं तेव्हा मी म्हणाले, आजी कुठल्या गावाला जायचंय. त्या वीस मिनिटं बोलल्या, गावची विहीर, चिंचेचं झाड, भावाचं घर. जाताना त्यांनी माझा हात धरला होता.
हे कुठल्या पुस्तकातून आलं असतं मला, त्या मॅडम बाजूच्या बाकावर बसून ऐकत होत्या म्हणून आलं.

लीड्सची_मावशी
उशिरा लिहितेय, इथे नाईट चालू आहेत. मी मराठी मिडियमची, सांगली जिल्ह्यातली, आता सहा वर्षं इंग्लंडमध्ये. बाहेर जायचं असेल तर आधी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, मग कॉम्प्युटरवरची आणि शेवटी इथे येऊन ओस्की, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायची. त्यात असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन अशी स्टेशन असतात. कॉलेजात ज्या केअर प्लॅनचा मला कंटाळा यायचा, रात्री अकरापर्यंत रकाने आखत बसायचो, तेच इथे विचारलं. ज्या मुलींनी तिकडे ते खरोखर पेशंट बघून लिहिले होते त्यांना अवघड गेलं नाही, ज्यांनी उतरवले होते त्या अडकल्या, मी दोन्ही प्रकारच्या बघितल्यात.
आत्तापासून परदेशाचं डोक्यात नका घालू तिच्या. आधी आपल्या लोकांवर हात बसू दे.

गिरणाकाठचा
मंडळी, जाऊन आलो. तीन ठिकाणं बघितली, तिन्हीकडे सकाळी आठला, त्यासाठी एका गावाला आदल्या रात्री लॉजवर राहिलो.
पहिल्या ठिकाणी वॉर्डात एकही विद्यार्थिनी नव्हती, वॉचमन म्हणाला आज प्रोग्रॅम आहे. दुसरीकडे मुली होत्या, सात आठ जणी खिडकीपाशी, एक बाई ओरडून काहीतरी सांगत होत्या, आम्ही थोडं थांबून निघालो. तिसरीकडे जे बघितलं ते सांगतो. इमारत जुनी, रंग उडालेला. मेडिसिनच्या वॉर्डात एक मुलगी, असेल वीस वर्षांची, एका म्हाताऱ्या बाईच्या सलाईनजवळ मनगट वर धरून थेंब मोजत होती आणि ओठ हलत होते. शेजारी मॅडम हाताची घडी घालून उभ्या, काही बोलत नव्हत्या. मोजून झालं तशा म्हणाल्या, किती. ती म्हणाली पन्नास. किती हवेत? मग तिने तिथेच तोंडी हिशोब केला, ५०० मिली, चार तास, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर १०,००० थेंब २४० मिनिटांत, मिनिटाला ४२. आणि चाक फिरवून हळू केलं, परत एक मिनिट मोजलं. मग म्हातारीला आपल्या अहिराणीत विचारलं, माय, हात दुखी ऱ्हायना का? म्हातारी म्हणाली नई व माय, बरं शे.
भाची माझ्या शेजारी उभी होती, ती पण मनातल्या मनात मोजत होती हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिने त्या मुलीला विचारलं, पोटॅशियम असं पण देतात का. ती मुलगी एकदम गंभीर झाली आणि म्हणाली ते कधीच थेट शिरेत ढकलायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच, नाहीतर हृदय बंद पडतं, आमच्या मॅडमनी हे आधी पाठ करून घेतलंय आणि मगच औषधाच्या ट्रॉलीला हात लावू दिलाय.
येताना एसटीत भाची म्हणाली मामा, पहिला पर्याय हाच टाकायचा. टाकला. बाकीचे दोन यादीतून काढलेच. आजी अजून कुरकुर करते पण परवा शेजारणीला सांगत होती की आमची नात बाळंतपण करायला शिकणार आहे.
फॉर्म भरून झालाय. आता युनिफॉर्म, बूट वगैरे मिळालं की घेऊ. अजून काही सोबत द्यायला लागतं का?

परिसेविका_निवृत्त
घड्याळ द्या. साधं, पट्ट्याचं, धुता येईल असं, पण सेकंद काटा असलेलं आणि आकडे मोठे असलेलं. मोबाईलवर मोजायची सवय लागू देऊ नका, वॉर्डात मोबाईल हातात घेतला की त्याच हाताने पेशंटला शिवायचं, ते बरोबर नाही. आणि नखं कापून पाठवा.

सहावं_सेम
घड्याळाला +१. आणि मामा, ती वही विसरू नका.